इंडेक्स मी विसरलो होतो, मॅडम

वंदना मॅडम आज सकाळी गेल्या. हार्ट अटॅक.

आदिलाबादच्या आमच्या पूर-नियंत्रणाच्या दफ्तरात त्या रस्ते-पुलांच्या नकाशांचा डेटाबेस सांभाळायच्या. मी त्यांचा ज्युनिअर.

मागच्या पावसाळ्यातली एक दुपार मी कुणाला सांगितली नाही. आज लिहितो.

बोथ गावाकडून ॲम्ब्युलन्स निघालेली. आत एक बाई, कपाशी निंदताना साप चावलेली. आणि पुढच्या पुलावरून पाणी.

ड्रायव्हरच्या हातातला फोन ओढून तिचा नवरा आमच्या मॅडमना ओरडून विचारत होता, "मॅडम, कोन्या रस्त्यानं येऊ? बायको डोळे मिटून राह्यली माही!"

मी क्वेरी टाकली. गाडीच्या आसपासचे चालू पूल दाखव.

स्क्रीनवर नुसतं चक्र.
एक मिनिट. दोन.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "जवळचं सोडून आख्खा जिल्हा काऊन चाळून राह्यलं हे?"

मग माझ्याकडं पाहिलं. "इंडेक्स कुठाय?"

कोणती जागा नकाशाच्या कोणत्या चौकोनात, हे डेटाबेसला इंडेक्सवरूनच कळतं. आठवड्याआधी नवीन सर्व्हेचा डेटा लवकर भरला जावा म्हणून मी तो काढला होता.

परत बनवायचा विसरलो.

मॅडमनी कीबोर्ड ओढला. दफ्तराचे साहेब धावत आले.

"लाइव्ह सर्व्हरला हात लावू नका! इंडेक्स बनेपर्यंत नवीन नोंदी अडकतील. मधेच एखादा पूल बुडाला तर?"

"फोनवर कळन, साहेब. हा पोरगा कागदावर लिहून घेईन. जिम्मेदारी माही."

एंटर.

तीन मिनिटं. एका फोनवर नवरा रडतोय, दुसऱ्यावर मी बुडालेल्या पुलांची नावं लिहितोय. अक्षर माझं मलाच लागेना.

इंडेक्स झाला. क्वेरी परत टाकली. क्षणात चार पूल समोर. त्यातला एक माझ्या कागदावर होता, नुकताच बुडालेला. मॅडमनी तो वगळला.

"डावीकडं वळवा गाडी. थेट हायवे लागते."

बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना मेमो. इजाजत न घेता सर्व्हर हाताळला म्हणून. इंडेक्स का नव्हता, या प्रश्नापुढं त्यांनी लिहिलं, "माझ्याकडून राहून गेला."

"मॅडम, माझं नाव काऊन नाही सांगितलं?"

"तू कॉन्ट्रॅक्टवर हायेस. तुले काढलं असतं. चाल, कामाले लाग."

मी कामाला लागलो. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो.

आज मॅडमच्या अंगणात साहेब भेटले. सगळ्यांसमोर मी त्यांना सांगितलं, इंडेक्सची चूक माझी होती.



फार उशीर केला मी.

मॅडम, शेवटचा जय भीम.