एसटीतली तालीम

पवनीहून भंडाऱ्याला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी मला अध्यक्ष करून टाकलं. "भाऊ, घडीभर तुमी अध्यक्ष बना. मले बोलून पाहू द्या."

बाईंचे वडील वारल्यावर मच्छीमार संस्थेतली त्यांची सभासदाची जागा त्यांच्या पुतण्याला मिळाली होती आणि बाई व त्यांची बहीण, दोघी मुली बाजूला राहिल्या होत्या. त्याचीच दाद संस्थेच्या अध्यक्षांकडे मागायला बाई निघाल्या होत्या.

गळ्यातला छोटा क्रूस सारखा करून त्या म्हणाल्या, "साहेब, आमाले भाऊ नाई. बाबाची जागा आमाले काहून नाई?"

मी खुर्चीला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "उद्या या."

"उद्याबी येईन," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात, बायबलात, पाच बहिनी आहेत. बापाच्या वाट्यासाठी त्या पुढाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. शिव्या नाई देल्ल्या, पायाबी नाई पडल्या. सरळ इचारलं. देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे."



संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या पुन्हा भेटल्या. काय झालं, मी विचारलं.

"अर्ज घेतला. सभेत ठेवतो म्हणाले. बसाले खुर्चीबी देल्ली." मग माझ्याकडे पाहून हसल्या. "तुमच्यापेक्षा बरे निघाले."