खळ आणि जट

मी भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. झुरळाला भीत नाही, सापालाही फारसा नाही. माणसांना भितो. चार माणसं एकत्र उभी राहून हळू बोलायला लागली की अजूनही मला घाम फुटतो, आणि आता तर मी नव्वदीला टेकलो आहे.

आमचं घर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, मागं चूल, एवढाच संसार. आई गेल्यावर मी एकटाच उरलो होतो. तेव्हा तो बेळगुंदीहून माग शिकायला आला. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हाताला धोट्याची सवय नाही. पहिल्या महिन्यात त्यानं इतके धागे तोडले की मी त्याला म्हटलं, बाबा, तू नांगरच धर. तो हसला आणि राहिला. सहा वर्षं राहिला. चारचौघांत तो मला अण्णा म्हणायचा, घरात काहीच म्हणायचा नाही, नुसतं बघायचा. आम्ही एकमेकांचे होतो. त्याला शब्द आमच्याकडं नव्हता, आणि असता तरी मी तो उच्चारला नसता.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सूत मिळायची मारामार, येईल ते पंचांच्या हातून वाटलं जायचं. बेळगावच्या बाजारात प्रभातफेऱ्या निघायच्या, स्वराज्य आलंच म्हणून लोक सांगायचे. आमच्या गल्लीत ते कधी पोचणार, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

गल्लीनं पहिली काही वर्षं डोळेझाक केली. शिकाऊ आहे, राहतो, असं म्हणून चाललं. मग माझ्यासाठी आलेली तिसरी सोयरीकही मी परत पाठवली आणि कुजबुज सुरू झाली. एका सकाळी पंचांतले थोरले आप्पा स्वतः दारात आले. आत बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "हे बघ, तुझ्या बापाकडं बघून आजवर गप बसलो. येत्या अवसेपतोर त्याला त्याच्या गावाला लाव, न्हाय तर तुझं सूत बंद. पाणी बंद. आणि ऐकायचं नसंल तर फौजदाराच्या कानावर घालू. सरकारी कायद्यात ह्याला तुरुंग हाय, ठावं हाय न्हवं?"

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आमच्यासारख्याच दोघांची तोंडं काळी करून त्यांना गावाबाहेर हाकललं, असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे. पण ते ऐकल्यापासून मी रोज दाराची कडी दोनदा बघायचो.

हल्ली पेपरात फोटो येतात. मोठ्या शहरांत आमच्यासारखी मुलं-मुली रस्त्यावर उतरतात, फलक धरतात, आम्हालाही इतरांसारखेच हक्क द्या म्हणतात. काहींची तोंडं झाकलेली असतात, काहींची उघडी. उघड्या तोंडांकडं बघून मी एकटाच ओरडतो, अरे मुकाट्यानं घरी जा, मार खाल! मग चष्मा पुसून तीच बातमी पुन्हा वाचतो. आम्हाला तरी काय हवं होतं? शेजारच्या नवराबायकोला न मागता मिळालेलं होतं तेवढंच. एक छप्पर, आणि त्याखाली कोण राहतं हे कुणी न विचारणं.

अवसेला पंधरा दिवस असताना त्याला हिवताप आला. अंगावर चार वाकळा टाकल्या तरी दात वाजायचे. आठ-दहा दिवस ना आंघोळ, ना डोक्याला पाणी. त्याची एक वाईट खोड होती. सकाळी गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरून आम्ही त्याला तांदळाच्या कण्यांची खळ द्यायचो, सूत ताठ व्हावं म्हणून. त्या खळीचा हात तो खुशाल केसांना पुसायचा. केस दाट, मानेपर्यंत वाढलेले. मी दर वेळी ओरडायचो आणि तो दर वेळी पुसायचा. आता ताप, घाम आणि खळ असं सगळं मिळून उजव्या कानामागचे केस चिकटून त्यांची एक जाड, टणक वळी झाली होती. मला ती दिसत होती. बरा झाला की गरम पाण्यानं धुऊ, एवढाच मी विचार केला.

शेजारच्या आक्का पेज घेऊन आल्या. गल्लीत आमच्याशी बोलणाऱ्या तेवढ्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी त्याचं डोकं उशीवर सरकवलं आणि हात मागं घेतला.

"अगंबाई! जट आलीया रं!"

आमच्याकडं केसांत जट धरली की सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं असं मानतात. तिला कात्री लावायची नाही. बाई असो की पुरुष, तो माणूस देवीचा होतो. पुरुष असेल तर जोगप्पा होतो, लुगडं नेसतो, डोक्यावर देवीची परडी घेऊन जोगवा मागतो. त्याला कुणी हात लावत नाही, उलट पाया पडतात.

मी तोंड उघडलं होतं. आक्का, ती खळ आहे, असं सांगायचं होतं. पण आक्काच पुढं बोलल्या, "तरीच म्हटलं, पोरगं लगीन का करंना, ह्या घरातनं का हलंना! देवीनंच धरलंय. आता आप्पाची काय टाप हाय त्याला घालवायची?"

मी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत गल्ली दारात. ज्या बायका आम्हाला बघून पदर सावरून बाजूला व्हायच्या, त्या हळदकुंकू घेऊन आल्या. थोरले आप्पा आले, चपला बाहेर काढून आत आले आणि तापानं ग्लानीत पडलेल्या त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मला हसू यायला हवं होतं. पण मला इतकं हायसं वाटलं की मी मागच्या खोलीत जाऊन रडलो. कित्येक महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी कडी न बघता झोपलो.

ताप उतरल्यावर त्यानं कानामागं हात लावला आणि म्हणाला, "पाणी तापव. डोस्कं धुतो."

मी त्याला सगळं सांगितलं. नीट समजावलं, असं मला वाटत होतं. लुगडंच तर नेसायचं, परडीच तर घ्यायची, पण राहशील इथंच कुठंतरी, मला दिसशील, कुणी मारणार नाही. त्यानं पुढच्या खोलीकडं बघितलं.

"आणि माग?"

"माग सोडावा लागंल."

"मी बाई न्हवं. देवीनं मला बोलावलं न्हाय. मी जे हाय ते हाय, तसाच ह्या घरात ऱ्हाईन म्हणतो. ते सांगू की दोघं मिळून."

"सांगायला तोंड हाय का आपल्याला?" मी म्हणालो. मी चिडलो होतो. भ्यालो की मी चिडतो, ही माझी जुनी तऱ्हा. मी पाणी तापवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी एका म्हाताऱ्या जोगप्पाला बोलावून आणलं. दीक्षा द्यायची तर आधी जट पारखून घ्यावी लागते. त्या जोगप्पाला सगळे अम्मा म्हणायचे. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, आवाज जाडा आणि मऊ. गल्लीत घोंगडं अंथरलं, त्याला बसवलं. भोवती सगळी गल्ली. अम्मांनी ती वळी दोन बोटांत धरली, वाकून वास घेतला आणि नखानं जरा खरवडलं. त्यांना कळलं. माझी खात्री आहे, त्यांना त्याच क्षणी कळलं. विणकरांच्या गल्लीत जोगवा मागून त्यांची हयात गेली होती.

पण त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी माझ्या खुशीनं देवीकडं आले बाळा," त्या म्हणाल्या. "भिऊन आणल्यालं माणूस देवीला नगं असतंय. तू ह्याच्यासंगं ऱ्हातोस. तू बोलशील तसं मी सांगीन. ही जट हाय का खळ हाय?"

त्यानं मान वर केली. तापानं चेहरा अर्धा झालेला, पण डोळे स्वच्छ. त्याला वाटत होतं मी खरं सांगेन. त्याला जराही शंका नव्हती, हे मला आजही सोसत नाही. मी आप्पांकडं बघितलं, मग गल्लीकडं. खळ म्हटलं तर आज ना उद्या हीच माणसं दारात येणार.

"जट हाय," मी म्हणालो.

अम्मांनी डोळे मिटून घेतले. तो उठला. सरळ आत गेला, सूत कापायची कात्री घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ती वळी कापून काढली. बायका किंचाळल्या, कुणीतरी लेकरांचे डोळे झाकले. आक्कांच्या अंगणात चुलाणावर पाणी तापत होतं. त्यात त्यानं ती बुडवली आणि बोटांनी चोळली. पाणी पांढरं झालं. हातात नुसते केस उरले, ते त्यानं आप्पांना दाखवले.

"देवीला माझा नमस्कार सांगा," तो अम्मांना म्हणाला, आणि त्यांच्या पाया पडला. फक्त त्यांच्या.

मी त्याच्या मागोमाग घरात गेलो. तो दोन धोतरं घडी करत होता. मी काहीबाही बोलत होतो: तुझ्यासाठीच केलं, तुझा जीव वाचावा म्हणून केलं, आता काय करायचं ते बघू, अजून चार दिवस आहेत. त्यानं गाठोड्याला गाठ मारली.

"पंचांनी मला अवसेपतोर मुदत दिलती," तो म्हणाला. "तू तेवढी बी दिली न्हाईस."

तो बेळगुंदीच्या वाटेला लागला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. गल्लीतल्या कुणीही त्याला अडवलं नाही, शिवी दिली नाही, दगड मारला नाही. दुपारी आप्पांनी माणसाकरवी निरोप पाठवला: झालं ते झालं, पोरगा गेला, तुझं सूत चालू राहील. पाणी कुणी तोडलं नाही. फौजदार आला नाही. मला कुणीच काही केलं नाही.