गंजीत हात घालणारी बाई

चौकशीच्या कागदावर लिहिलं हाय, "मयत मुलीचा निष्काळजीपणा."

अठरा वर्षं झाली. मले तो कागद मान्य नाई. मी बोलते, शेजारची पोरगी इथं फेसबुकवर लिहिते. नमस्कार-चमत्कार राहू द्या.

वैशाली माझी नात. वर्ध्याले एम.सी.ए. करत होती.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. एखाद्या धंद्याचं काम कसं चालते ते पाहाचं, कागदावर चौकोन-बाण काढाचे, मग त्याचा प्रोग्राम बनवाचा.

तिनं हिंगणघाटकडची, कापसातून सरकी काढाची जिनिंग घेतली. मी तिथंच बावीस वर्षं कापूस उपसला.

मालकानं तिले सांगितलं, "गाडी येते, काट्यावर वजन होते, कापसाचा ढीग म्हणजे गंजी लागते. पावतीच्या नंबरानं माल मशीनवर जाते. बस."

घरी येऊन मले विचारते, "आजी, असंच चालते ना?"

"त्याले काय माहीत, तो गादीवर बसते. गाडीवाले वजनासाठी कापसावर पाणी मारतात. ओली गंजी आतून तापते. आम्ही बाया खांद्यापर्यंत हात घालून पाहतो. गरम लागली का ती आधी मशीनवर. नंबर गेला चुलीत."

"मंग हे कोणी लिहून काऊन नाई ठेवलं?"

"लिहाले येत असतं तं कापूस उपसला असता का?"

तिनं अजून एक चौकोन काढला. आत लिहिलं, 'गंजीत हात घालणारी बाई'.

कॉलेजातल्या प्रोजेक्टच्या सरांनी त्यावर लाल फुली मारली. "बाई म्हणजे प्रोसेस नाही. सिस्टिम नंबरानेच चालेल."

"भांडली काऊन नाई?" मी म्हटलं.

"मार्क त्यांच्या हातात हायेत, आजी."

तिनं चौकोन खोडला. ती चूक तिची. मी झाकणार नाई.

प्रोग्राम चालला. मालकानं तो जिनिंगमधे लावला, तिले ऑपरेटर म्हणून ठेवलं अन् हात घालणाऱ्या चौघींले घरी पाठवलं.

पहिल्याच हंगामात, भर दुपारी, तिले एका गंजीचा जळका वास आला. स्क्रीनवर त्या गंजीची पाळी चार दिवसांनी होती.

मालक म्हणे, "कॉम्प्युटर सांगते तसं कर."

चौकीदारानं पाहिलं. ती उठली, ओढणी कमरेले खोचली अन् स्वतः हात घालाले गेली.

कापूस उकरला तशी आतली आग भडकली.

भाजलेली पोरगी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेली.

कागद म्हणते, तिचं काम नसताना ती गंजीजवळ गेली. काम कोणाचं होतं ते कागद सांगत नाई.

तिची प्रोजेक्टची वही माझ्यापाशी हाय. लाल फुलीच्या पानाचा फोटो खाली लावला.

वैशाली, तू जा आता. राहिलेलं भांडण मी करते.

बाकीच्यांनी फुलं अन् जोडलेले हात टाकू नये.

सर, तुम्ही रिटायर झाले, इथं रोज सकाळी सुविचार टाकता, मले दिसते. या फोटोखाली तुम्हीच लिहा. तुमच्या वतीनं दुसऱ्या कोणी नाई.