लव्होनने सिनेटरला वेळेत पोचवलं

लव्होन टॅकेट एकोणीस वर्षं ओक्लाहोमाच्या हायवे पोलिसात होती, आणि तेवढ्या पगारात भागत नाही म्हणून दर शनिवारी प्रुइटच्या किराणा दुकानाच्या दारात राखणीला उभी राहायची. यंदा पगारवाढीचं विधेयक मांडलं जाणार म्हटल्यावर बाईंना कोण हुरूप आला. तिने प्रुइटला सांगूनच टाकलं, "येत्या शनिवारपासून दुसरं कोणी बघा."

मतदानाच्या सकाळी एक गाडी ताशी पंचाण्णव मैलांनी सुसाट गेली. लव्होनने पाठलाग करून गाठली आणि मग नंबरप्लेट पाहिली. राज्याच्या सिनेटरची होती. अधिवेशन चालू असताना या प्लेटला कोणी हात लावत नाही. चुकून अडवलीच, तर टोपीला हात लावून सोडून द्यायची, असा रिवाज.

आत सिनेटर ब्रँडनबर्ग घामाघूम. "बाई, तुमच्याच पगारवाढीवर मत द्यायचंय. दहाला मतदान आहे."

"मग इथे काय बसलाय? या माझ्या मागे."

चाळीस मैल सायरन ठणाणा वाजवत तिने ट्रकवाल्यांना कडेला हाकललं. कुठल्या बाजूने मत देणार, हे विचारायचं तिला सुचलंही नाही. दहाला दहा मिनिटं कमी असताना विधानभवनात पोचल्यावर सिनेटरने तिला आग्रहाने वर प्रेक्षकांच्या सज्जात नेऊन बसवलं. तिला वाटलं, माणूस गुणी आहे.

मग तो बोलायला उभा राहिला. "ही माणसं पैशासाठी नोकरी करत नाहीत. ती बघा वर बसलेली बाई. जिवावर उदार होऊन मला इथे आणलं. एक डॉलर तरी मागितला का तिने?"

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. लव्होनलाही उठून टोपीला हात लावावा लागला. मग सगळे खाली बसले आणि विधेयक एका मताने पडलं.

लव्होनला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. गाडीत बसून तिने प्रुइटला फोन लावला.

"मिळालं का कोणी?"

"नाही ना. पण टीव्हीवर पाहिलं तुला. काय टाळ्या पडल्या गं."

"शनिवारी येते मी," लव्होन म्हणाली.