खराडीच्या फ्लॅटमधली धुरी

सात महिन्यांचं ते बाळ तिसऱ्यांदा आमच्या वॉर्डात आलं होतं. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर. श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, त्याला आम्ही डॉक्टर व्हीझ म्हणतो. तो पलंगाजवळ नुसतं उभं राहिलं तरी ऐकू येत होता. लगेच ऑक्सिजन लावला.

वॉर्डात बाळ सुधारायचं, घरी गेलं की परत बिघडायचं. म्हणजे कारण घरात होतं.

आईवडील दोघंही खराडीत सॉफ्टवेअरमध्ये. वडील म्हणाले, "मॅडम, घर एकदम क्लीन आहे. समोर कन्स्ट्रक्शन चाललंय, म्हणून खिडक्याही उघडत नाही आम्ही. स्मोकिंग कोणीच करत नाही."

मी बाळाचं दुपटं नाकाला लावलं. ओवा आणि निखाऱ्यांचा वास.

"धुरी देता?"

"माझी आई देते, आंघोळीनंतर. पण ते नॅचरल आहे ना?"

"बाळाच्या फुप्फुसाला ते कोणी कळवलेलं नाही."

आजी पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. वर्ध्याकडच्या. "माह्या चारी लेकरायले देल्ली, कोनाले काई झालं नाई."

"तिकडे आंघोळ कुठे घालायचात?"

"मांगच्या आंगनात, छपराखाली."

अंगणातला धूर उडून जायचा. इथे बंद स्लायडिंग खिडक्यांच्या आत, बेडरूममध्ये शेगडी. बाळ खोकलं की आजी ओवा वाढवायच्या.

"आजपासून बंद," मी म्हणाले. आजींच्या मुलानं तेच त्यांना दरडावून सांगितलं.

बाळ घरी गेलं आणि आठवड्याच्या आत चौथ्यांदा आलं. या वेळी आयसीयूत ठेवावं लागलं.

"आई, परत दिलीस?" मुलगा कॉरिडॉरमध्येच ओरडला.

"लेकरू खोकलत होतं. तुमी दोघंई हापिसात. मी काय नुसती पाहात बसू?"

मुलाला मी चहा प्यायला पाठवलं. बाळ आयसीयूतून बाहेर आल्यावर आजींना शेजारी बसवून स्पेसर दाखवला. ही प्लास्टिकची नळी. एका टोकाला औषधाचा पंप, दुसऱ्या टोकाला बाळाचा मास्क.

"घरी हे तुम्ही द्यायचं, आजी. मास्क घट्ट बसवायचा. आणि खिडक्या उघडायच्या. धूळ आली तर ओल्या फडक्यानं पुसा."

"मी देऊ? सूनबाई शिकेल हाये, तिले सांगा."

"सूनबाई ऑफिसात असते. बाळ तुमच्याजवळ असतं."

पहिल्यांदा मास्क बाळाच्या नाकावरून घसरला. घरी जाईपर्यंत त्यांचा हात बसला.

पावसाळ्यात बाळाला सर्दी झाली, ती पंपावर निभावली. पुन्हा अॅडमिट करावं लागलं नाही. नंतर लसीसाठी सगळे आले, तेव्हा मी सुनेला मास्क लावून दाखवायला सांगितलं. आजी मध्येच म्हणाल्या, "असं ढिलं नोको धरू, दाबून धर."

बंद करा म्हणायला डॉक्टरला क्षण पुरतो. पण आजारी नातवंडापाशी दिवसभर एकट्या बसलेल्या बाईला करण्यासारखं दुसरं काही दिलं नाही, तर बंद काहीच होत नाही.