रूम टेंपरेचरची रेड वाइन

नव्वदच्या दशकात आम्ही पनवेलला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतो. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आमच्यावर आग ओकायचा. अशाच एका संध्याकाळी नवऱ्याचा मावसभाऊ परदेशातून आणलेली रेड वाइनची बाटली आणि उंच दांडीचे तीन ग्लास घेऊन आला. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

त्याने ती लगेच बाहेर काढली. "वहिनी, एवढं बेसिकही माहीत नाही? व्हाइट गार करतात. रेड रूम टेंपरेचरलाच प्यायची!" मग बाटली शोकेसवर मांडून त्याने तासभर आमचा क्लास घेतला. ग्लास दांडीलाच धरायचा, नाहीतर हाताच्या उष्णतेने वाइन बिघडते. आधी हुंगायची, मग घोट तोंडात घोळवायचा. नवरा नंदीबैलासारखा मान डोलावत होता. मी घामाने निथळत पापलेट तळत होते. हाताच्या उबेने बिघडणारी वाइन या भट्टीत कशी टिकणार, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

शेवटी त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वाइन काढ्यासारखी कोमट झाली होती.

"तुमच्याकडे चांगली वस्तू आणण्यात अर्थच नाही," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी बाटली उचलली आणि त्याच्यादेखत मोरीत उपडी केली.

"अहो वहिनी, हे काय करताय?"

"भावोजी, फ्रिज तुम्हाला चालत नाही. आमच्या घरात दुसरी गार जागा एवढीच आहे."