कोरं रक्त

किस्से उणे ऐंशीच्या फ्रीझरमधल्या बर्फासारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. दार उघडलं-मिटलं की थर चढतो.

हॉलंडमध्ये, द हेगजवळच्या एका लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं फ्रीझर आणि काचसामान सांभाळतो. शिक्षण सातवी. नर्स बायकोच्या मागे डिपेंडंट म्हणून आलो. यंदा मला रक्ताचा कॅन्सर निघाला. तो लॅबमध्ये सांगितला की माझं एक काम जाणार होतं. फ्रीझरचं नव्हे. त्याहून मोठं.

*

लॅब मृणालबाईंची. बाई पुण्याच्या. रोग्याच्या रक्तात औषधाचं प्रोटीन किती उरलं, ते मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “काका, हा काटा समजा.”

“पारडं कुठंय?”

“पारडं नाही. प्रोटीनचे तुकडे करायचे, उडवायचे, आणि उडता उडता वजन करायचं.”

“आमच्या गावचा भुसारवालाही हवेतच वजन करायचा!”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणून तर कोरं रक्त लागतं.”

*

कोरं म्हणजे ते औषध कधीच न घेतलेल्या, निरोगी माणसाचं. त्यात बाई औषध मोजून घालत आणि त्यावरून रोग्याचं माप धरत. मी बाही वर केली. डच फॉर्म बाईंनीच वाचला.

“आजार?”

“नाही.”

“औषधं?”

“नाही. सातवी पास.”

“काका, ते विचारलेलंच नाही!”

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, मंगळवारी, माझं रक्त काढतात. या लॅबमध्ये डझनभर डॉक्टरेट आहेत. मापं सगळ्यांची माझ्या रक्तात.

*

एकदा प्रत्येक नमुन्यात मेंढीचं प्रोटीन निघू लागलं. विभागाचे डच प्रोफेसर तीन दिवस ओरडत होते. “ग्लोव्हज कोण घालत नाही? केस कोण बांधत नाही?” सगळे खाली मान घालून उभे.

“मेनेर,” म्हणजे साहेब, मी म्हणालो, “मेंढी तुमच्या अंगावर आहे.”

त्यांच्या बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर होता. दुसऱ्या दिवसापासून ते थंडीत कुडकुडत सुती शर्टात यायचे.

*

रोग्यांच्या नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो. चौदा नंबरची नळी दर सोमवारी यायची. मग थांबली.

“बाई, चौदा नंबर बरा झाला?”

“बरे झालेलेही येत नाहीत, काका.”

“मग कळायचं कसं?”

“आपल्याला नाही कळत.”

तो कप्पा मी महिनाभर रिकामा ठेवला. मग दुसरा नंबर आला.

*

गेल्या हिवाळ्यात मला जिना चढवेना. रायस्वाइकमधल्या आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, पॅरासिटामोल सांगितली. इथे पाय मोडला तरी आधी तीच!

“घेणार नाही,” मी म्हणालो. “माझं रक्त कोरं राहायला हवं.”

“मग रक्तच तपासू.”

कोरं नव्हतं.

*

इस्पितळात सलाईनच्या पिशवीवरचं औषधाचं नाव मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं लॅबमध्ये त्याच औषधाची लेबलं चिकटवली.

नर्सने विचारलं, “हे औषध माहीत आहे तुम्हाला?”

“वजनासकट.”

*

मग मंगळवार आला. गप्प राहता आलं असतं. पण कोऱ्या म्हणून दिलेल्या रक्तात औषध निघालं असतं, आणि रोग्यांची मापं चुकली असती.

रक्त काढणारी डच बाई सुई घेऊन तयार. मृणालबाई दंडाला बांधायचा पट्टा घेऊन आल्या. “काका, हात.”

“आता ते कोरं नाही.”

“सर्दीची गोळी घेतली असेल. चालते हो.”

“आपलंच औषध.”

पट्टा त्यांच्या हातात तसाच राहिला.

“कितवा डोस?”

“तिसरा.”

डच बाईने घड्याळाकडे पाहिलं. तिला मराठी कळत नाही. “आज रक्त घ्यायचं की नाही?”

“घ्यायचं,” मृणालबाई म्हणाल्या. मला उठवलं. कोट खुंटीला लावला, बाही वर केली आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

“पट्टा तुम्ही बांधा, काका.”

मी बांधला. म्हणालो, “मूठ आवळा, बाई.”

मूठ आधीच आवळलेली होती.